पत्ता सुधारून मिळेल

हिंगण्याच्या माणसाने पुण्याला फोनवर पत्ता सांगू नये. सांगितलाच तर तो दुरुस्त होऊन परत मिळतो.

"हिंगणा," मी सांगतो.

"हिंगणे," पलीकडच्या बाई माझं मराठी सुधारतात. "खुर्द की बुद्रुक?"

"हिंगणे नाही हो मॅडम, हिंगणा. जिल्हा नागपूर."

"नागपूर जिल्ह्यात हिंगणे आहे?"

यावर भांडता येत नाही, कारण बाईंकडे पुरावा आहे. पुण्यात हिंगणे खुर्द आहे, हिंगणे बुद्रुक आहे. महर्षी कर्व्यांनी १९०० साली अनाथ बालिकाश्रम तिथे नेला, तेव्हापासून ते नाव शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलं. आमच्या हिंगण्याला कर्वे आले नाहीत, एमआयडीसी आली. एमआयडीसीवर धडा कोण लिहितो?

बरं, विदर्भातल्या विदर्भात पत्ता सांगावा तर तिथे वेगळीच तऱ्हा. ट्रान्सपोर्टवाला 'हिंगणा' एवढं ऐकतो आणि 'घाट' पदरचा घालतो. आमच्या कारखान्याचा लेथचा एक चक असाच हिंगणघाटला जाऊन वर्धा जिल्हा पाहून आला. बिल्टीवर कोणीतरी सुवाच्य अक्षरात 'घाट' वाढवला होता. तो माणूस आळशी नव्हता, हीच खरी अडचण. आळशी माणूस पत्ता आहे तसा पुढे ढकलतो आणि माल पोचतो. कामसू माणूस थांबतो, विचार करतो, आणि मग खिशातून पेन काढतो.

अशा पेनवाल्यांवर सरकारी तोडगाही निघाला होता. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले आणि संस्कृतात काव्य करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून पिनकोड निघाला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्टाचे. म्हणजे गावाचं नाव कुणी कितीही सुधारलं तरी ४४१११० हे आकडे टपाल हिंगण्यालाच आणणार. योजनेत एकच भोक राहिलं. गाव सुधारणारा आकडेही सुधारतो. हिंगणे म्हणजे कर्वेनगर, कर्वेनगर म्हणजे ४११०५२, मग पाकिटावरचा ४४१११० ही पाठवणाऱ्याची घाई, दुसरं काय.

या सगळ्याला यंत्र तरी अपवाद असेल, असा माझा बरीच वर्षं समज होता. यंत्राला पेन नसतं.

आता माझ्या हुद्द्याबद्दल. वानाडोंगरीच्या पुढे एका लहानशा कारखान्यात मी आयटी हेड आहे. या डिपार्टमेंटात हेड तेवढं आहे, बाकीचं शरीर मंजूर झालेलं नाही. ज्या वस्तूला वायर आहे ती माझी, असा मालकांचा सोपा हिशेब असल्यामुळे सर्व्हर, प्रिंटर, इन्व्हर्टरचं पाणी आणि एप्रिलपासून कूलरच्या मोटरी, हे सगळं आयटीत येतं. मेलचा सर्व्हर माझ्या आधीच्या माणसाने बसवला. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि त्यावर सेंडमेल. जाताना तो मला हजारावर पानांचं पुस्तक देऊन गेला. त्याच्या मुखपृष्ठावर वटवाघूळ आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, चित्र उगाच असेल. सेटिंगची फाईल उघडल्यावर ते नीट समजलं. डॉलर, चांदणी, अ‍ॅट, टोकदार कंस, पुन्हा डॉलर. मांजर कीबोर्डवरून चालत गेलं तरी याहून वाचनीय काही उमटेल.

तर एका दुपारी सेल्समधला पोरगा आला.

"काका, मेल पत्ता बदलून राह्यला."

"कोणाचा?"

"पुण्याकडच्या भोसरीवाल्यांचा. ऑर्डरसाठी कोटेशन पाठवलं. मी पत्ता टाकला बरोबर, मेल दुसरीकडेच जाऊन राह्यला."

पुरावा म्हणून त्याने कागद आणला होता. म्हणजे स्क्रीनचा मोबाइलवर तिरपा फोटो काढला, तो स्वतःला मेल केला आणि प्रिंट काढून घेऊन आला. मेल चालत नाही हे सांगायला त्याने मेलच वापरला, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा होता आणि पट्ट्याच्या खाली मजकूर. याने पाठवलं होतं 'परचेस अ‍ॅट भोसरी डॉट अमुक डॉट इन' या पत्त्यावर. परत आलेल्या निरोपात लिहिलं होतं: 'परचेस अ‍ॅट सर्व्हर-बेचाळीस डॉट तमुक-होस्टिंग डॉट इन, असा इसम इथे राहत नाही.'

हा सर्व्हर-बेचाळीस कोण? आम्ही त्याला ओळखत नव्हतो. आमच्या अ‍ॅड्रेस बुकात तो नव्हता, पोराच्या बोटांनी तो टाइप केला नव्हता. कारखान्यातून मेल निघेपर्यंत पत्ता ठीक होता आणि आमच्याच दारात कोणीतरी पेन काढलं होतं.

असं काही झालं की आमच्याकडे चौकशी समिती आपोआप भरते. अकाउंटवाल्या मॅडम म्हणाल्या, "मार्च एंडिंगला असंच होते." जुलै चालू होता. स्टोअरवाले भाऊ म्हणाले, व्हायरस आहे, त्यांच्या साळ्याच्या दुकानात सेम झालं होतं, शेवटी कॉम्प्युटर विकावा लागला. सिक्युरिटीवाल्या काकांनी विचारलं, पावसाचं पाणी तर गेलं नाही ना आत? इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बासरी ऐकवून झाल्यावर मुलगी म्हणाली, "सर, राउटर बंद करून चालू करा." केला. "आता ब्राउझरची हिस्टरी क्लिअर करा." मी सांगितलं, सर्व्हरवर ब्राउझरच नाही. पलीकडे शांतता. मग पुन्हा बासरी.

सगळ्यात नेमका प्रश्न मालकांनी विचारला. त्यांना कॉम्प्युटर चालू कुठून होतो तेही माहीत नाही, पण धंदा चाळीस वर्षांचा. ते म्हणाले, "पत्ता त्यांचा. लिवला आपण. मग बदलवाचा अधिकार कोनाले दिला?"

आता भोसरीला फोन करणं आलं. तिथल्या आयटीवाल्याचा आवाज तरुण आणि वातानुकूलित होता.

"आमच्याकडे सगळं ओके आहे, सर. जीमेलवरून मेल येतायत. फक्त तुमचेच येत नाहीत."

"तुम्ही हल्ली काही बदललं का?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नवी वेबसाइट केली फक्त."

जगातले सगळे घोटाळे या 'फक्त'च्या पलीकडे राहतात. अपघात झालेला माणूस सांगतो ना, काही नाही, मी फक्त वळवली.

तर या 'फक्त'मध्ये काय होतं, ते थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर कोणत्या नावाचं यंत्र कुठे आहे, हे सांगायला डीएनएस लागतं. पॉल मोकापेट्रिसने १९८३ साली ते मांडलं. मेल कुठल्या यंत्राकडे न्यायचा हे सांगणारी एमएक्स नावाची वेगळी नोंद १९८६ मध्ये आली. तिच्यात ज्याचा आकडा लहान त्याचा मान मोठा, म्हणजे सरकारी कचेरीतल्या क्लास वनसारखंच. आणि तिसरी नोंद सीनेम. ती म्हणते, हे नाव खरं नव्हे, टोपणनाव आहे, खरं नाव ते पलीकडचं. भोसरीवाल्यांनी नवी वेबसाइट करताना 'भोसरी डॉट अमुक' हे होस्टिंग कंपनीच्या सर्व्हर-बेचाळीसचं टोपणनाव करून टाकलं होतं. गंमत म्हणजे त्यांचा मेलही त्याच सर्व्हरवर राहत होता. म्हणून जीमेल टोपणनाव धरून बेचाळीस नंबरच्या दारात जायचं, आणि तिथे 'परचेस अ‍ॅट भोसरी'साठी आलोय म्हणून सांगायचं. दार उघडायचं. आमचं सेंडमेलही त्याच दारात जायचं, पण वाटेत पाकिटावर 'भोसरी' खोडून 'सर्व्हर-बेचाळीस' लिहायचं. दारातला म्हणायचा, परचेस? सर्व्हर-बेचाळीसचा? असा कोणी नाही. मेल परत.

दार तेच, माणूस आतच बसलेला, आणि पाकीट परत. का, तर आम्ही त्याला अधिकृत नावाने हाक मारली.

हे होताना मी डोळ्यांनी पाहिलं. सेंडमेलला एक तपासणीची सोय आहे. तिथे पत्ता टाइप केला की तो एकेका नियमातून कसा जातो ते ओळीओळीने दिसतं. मी 'परचेस अ‍ॅट भोसरी डॉट अमुक डॉट इन' लिहिलं आणि एंटर मारलं. पहिल्या ओळीत 'कॅनॉनिफाय इनपुट' आणि पत्ता जसाच्या तसा. पुढे अ‍ॅटच्या भोवती टोकदार कंस आले. अजून ठीक. मग 'कॅनॉनिफाय टू' नावाच्या नियमात पत्ता आत गेला, क्षणभर काहीच नाही, सर्व्हर डीएनएसला विचारत असणार, आणि बाहेर आला तो सर्व्हर-बेचाळीस होऊन. वर नावाच्या शेवटी एक टिंब. हे टिंब म्हणजे सेंडमेलची सही: खात्री करून घेतली आहे. बिल्टीवरचा 'घाट' लिहिणाऱ्यानेही अशाच आत्मविश्वासाने टिंब दिलं असणार.

मालक मागे उभे होते. "हाच का तो?"

"हाच."

"मंग काढून टाका याले."

काढून टाकण्याआधी त्याची बाजू ऐकावी म्हणून मी वटवाघूळ उघडलं. आणि काय सांगू, गडी निर्दोष निघाला. ऑक्टोबर १९८९ चा इंटरनेटचा नियम आहे, आरएफसी ११२३. त्यात 'मस्ट' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून म्हटलंय की पाठवणाऱ्या सर्व्हरने पाकिटावर टोपणनाव चालवू नये, मूळ नावच घालावं. बर्कलीला एरिक ऑलमनने सेंडमेल लिहिलं, आणि ते आजतागायत हा नियम इमानेइतबारे पाळत आलं. म्हणजे नियमाने चालणारे आम्ही, मेल अडकला आमचा. नियम गुंडाळून ठेवणारं जीमेल मात्र वेळेवर पोचत होतं. हिंगणा टी पॉइंटच्या सिग्नलवर लाल दिव्याला थांबणाऱ्याला मागून जे हॉर्न ऐकावे लागतात, ते आठवून मी पान उलटलं.

पुढच्या पानावर उपाय होता. 'डोन्ट एक्स्पांड सीनेम्स' असा एक पर्याय आहे. तो चालू केला की सेंडमेल टोपणनावाच्या मागे लागत नाही. पण त्याखाली जी तळटीप होती ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हा पर्याय वापरणं प्रसिद्ध नियमांच्या विरुद्ध आहे, पण नियम करणारी मंडळी ते कायदेशीर करण्याच्या वाटेवर आहेत, अशा अर्थाचं तिथे लिहिलं होतं.

नागपूरच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. हा गुंठेवारीचा प्लॉट आहे! आत्ता घ्या, बांधा, राहा, नियमित केल्याचं पत्र, म्हणजे आर.एल., मागाहून मिळेल. आणि योगायोग पाहा, २००१ सालच्या एप्रिलमध्ये आरएफसी २८२१ आला आणि टोपणनाव पाकिटावर आहे तसं चालेल असं ठरलं. आपल्याकडचा गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाही २००१ चाच. फरक इतकाच की इंटरनेटवाल्यांनी विकास शुल्क मागितलं नाही. त्यामुळे जुन्या सेंडमेलला नियम बदलल्याचं कोणी कळवलंही नाही. ते आपलं १९८९ च्या कागदावर अजून घर राखत बसलेलं.

मालकांना मी सांगितलं, एक ओळ घालायची आहे.

"एक ओळ?"

"एकच."

"आनं इतक्या दिवसाचा पगार?"

ओळ मात्र साधी नव्हती. त्या फाईलीत शब्द अवतरणचिन्हात घालायचा तर उघडताना उलटं चिन्ह लागतं, एस्केपच्या खालच्या बटनावरचं, आणि मिटताना सरळ. हे कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं देव जाणे. सेल्सच्या पोराला मदत करायची फार हौस. त्याने ती ओळ इंटरनेटवरून शोधून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. वाटेत मोबाइलने पाहिलं, एक चिन्ह उलटं आणि एक सुलटं, हे काय शोभतं का. त्याने दोन्ही छान वळणदार करून दिली. सुधारून! ती तशीच घातली तर सेंडमेलने ओळखायलाच नकार दिला आणि कारखान्याचे सगळेच मेल थांबले. अकाउंटवाल्या मॅडम आतून ओरडल्या, "मी म्हटलं होतं!" काय म्हटलं होतं ते त्यांनाही आठवत नसावं. शेवटी मी ती ओळ हाताने टाइप केली, चष्मा कपाळावर ठेवून, एकेका बटनाचं नाव मोठ्याने घेत. सर्व्हर पुन्हा चालू केला. भोसरीला मेल टाकला. गेला! परत आला नाही. मालकांनी तर्री पोहे मागवले. माझ्या प्लेटमध्ये तर्री जास्त होती, असं स्टोअरवाले भाऊ अजून बोलून दाखवतात.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मधल्या काळात मी भोसरीच्या तरुणाच्या इतका मागे लागलो होतो, की त्यालाही वाटायला लागलं, म्हातारा म्हणतोय तर आपलीही बाजू सुधारून टाकू. त्याने सीनेम काढला. छान केलं. त्याच्या जागी मेलसाठी रीतसर एमएक्सची नोंद लिहिली. तेही उत्तम. फक्त, आणि हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं.

डीएनएसच्या फाईलीत नाव लिहून टिंब दिलं तर नाव तिथे संपतं. टिंब नसलं तर सर्व्हर समजतो, बिचाऱ्याला घाई होती, अर्धंच नाव लिहिलंय, उरलेलं आपण जोडू. आणि तो घरचं नाव शेपटीला जोडतो. सर्व्हर-बेचाळीस डॉट तमुक-होस्टिंग डॉट इन डॉट अमुक डॉट इन. या नावाचं यंत्र भोसरीत नाही, चाकणला नाही, पृथ्वीवर कुठेच नाही. आणि हे अजब नाव जगाने किती वेळ लक्षात ठेवायचं, तेही त्या नोंदीतच लिहिलेलं होतं: ८६४०० सेकंद. म्हणजे पुरता एक दिवस.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज तोच, वातानुकूलन बंद पडलेलं.

"सर, काय केलंत तुम्ही? आता जीमेलवरूनही मेल येत नाहीत!"

"आमच्याकडे सगळं ओके आहे," मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात एकदा तरी म्हणायला मिळावं अशी माझी इच्छा होती. ते पुण्याच्या माणसाला म्हणता आलं, हा बोनस.

मग मी त्याला टिंबाचं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "एका डॉटमुळे?" "एका डॉटमुळे." "पण आमच्या पॅनेलमध्ये तर तो आपोआप लागतो." "ज्यात आपोआप लागतो, त्यात तुम्ही लिहिलं नाही. तुम्ही फाईल हाताने लिहिली." पलीकडे बराच वेळ बटनं वाजली. मग हलक्या आवाजात, "सर, हे आमच्या साहेबांना सांगायची गरज नाही ना?" मी म्हटलं, नाही. सांगायचं तर मेल करावा लागेल, आणि तो उद्यापर्यंत तुमच्याकडे येणार नाही.

ऑर्डरचं म्हणाल, तर ती आम्हाला मिळाली. कोटेशन भोसरीला पहिल्याच दिवशी पोचलं होतं. मेल परत आल्यावर सेल्सच्या पोराने त्याच संध्याकाळी मोबाइलवर दरपत्रकाचा फोटो काढला, तिरपाच, ट्यूबलाइटच्या पट्ट्यासकट, आणि तिथल्या परचेसवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. हे त्याने मला सांगितलं नाही, कारण मी कामात होतो.

सेंडमेलच्या फाईलीत ती ओळ अजून आहे. डीएनएसच्या फाईलीला हात लावणाऱ्या सगळ्या भाच्यांना, पुतण्यांना आणि वातानुकूलित तरुणांना मात्र एक विनंती आहे. नाव पूर्ण लिहिलं असेल तर शेवटी टिंब द्या. वेबसाइट बदलण्याआधी मेल कुठे राहतो ते पाहून घ्या. आणि असला कुठलाही बदल शुक्रवारी संध्याकाळी करू नका. शनिवारी तुमची सुट्टी असते, आमची नसते, आणि फोन आमच्याकडेच येतात.